पोस्ट बॉक्समागची खोली

दुबईला जाऊन आले आणि तो जगातला सगळ्यात उंच मनोरा पाहिला नाही, म्हणून गेले तीन आठवडे मी वसईभर बोलणी खाते आहे. चर्चच्या पायऱ्यांवर, मासळी बाजारात, एवढंच काय, दातांच्या डॉक्टरकडे तोंड उघडं असतानासुद्धा. "मग पाहिलंत तरी काय?" असं विचारतात आणि उत्तर ऐकायला कुणी थांबत नाही. म्हणून लिहूनच काढते. तीस वर्षं प्राथमिक शाळेत मराठी शिकवलं आहे, स्वतःसाठी चार पानं लिहायचा मला हक्क आहे.

पहिली गोष्ट म्हणजे मला दुबई पाहायचीच नव्हती. मला एक खोली पाहायची होती.

माझा नवरा इनास तेवीस वर्षं दुबईत होता, देरा भागातल्या एका व्यापारी कंपनीत स्टोअरकीपर म्हणून. लग्नानंतर दोन वर्षांनी गेला आणि आमची लिंडा इंजिनियर होऊन कॅनडाला निघाली तेव्हा कायमचा परत आला. मधल्या काळात दर दोन वर्षांनी दोन महिने सुट्टी. बायकोला तिकडे न्यायला जेवढा पगार लागतो तेवढा त्याला कधी झाला नाही, त्यामुळे मी एकदाही गेले नाही. बरं, पत्ता म्हणावा तर तोही नव्हता. तिकडे टपाल घरी येत नाही, कंपनीच्या पोस्ट बॉक्सात येतं. म्हणजे तेवीस वर्षं मी एका पेटीला पत्रं लिहिली. माझा नवरा झोपतो कुठे, त्याच्या खिडकीतून काय दिसतं, जेवताना तो कुणाशेजारी बसतो, यातलं काहीही मला माहीत नव्हतं. कुणाला यात राग येण्यासारखं काही वाटत नसेल तर त्यांनी आपल्या नवऱ्याला तेवीस वर्षं पेटीत ठेवून पाहावं.

त्याच्या पत्रांत खोलीतल्या एकाच माणसाचं नाव सारखं यायचं, ते म्हणजे रहमान. रहमान त्यांच्या मेसचा आचारी. 'रहमान विचारतो, सुरमईच्या कालवणात चिंच आधी घालायची की मासळीनंतर?' 'रहमान विचारतो, तळताना पिठाचे फुगे तुझ्यासारखे फुगत नाहीत, काय चुकतं?' मी शिक्षिका. आकडे घालून, खाली रेघ मारून उत्तरं लिहायची. 'रहमानला सांग, कांदा जाळू नकोस म्हणावं.' दर उन्हाळ्यात बॉटल मसाला कुटला की बिअरच्या दोन बाटल्या ठासून भरून रहमानसाठी वेगळ्या काढायची. एका नाताळला तर शाळेच्या जुन्या पडद्याचा एप्रन शिवून पाठवला. पुढच्या पत्रात आलं, 'रहमानला एप्रन फार आवडला.'

लग्नाला चाळीस वर्षं झाली म्हणून लिंडाने आम्हाला क्रूझचं तिकीट काढून दिलं. मुंबईहून निघून आखाती देशांची बंदरं दाखवून आणणारी आठ दिवसांची सफर. त्यात दुबईला एक दिवस, सकाळी आठ ते संध्याकाळी पाच. मी फोनवर विचारलं, "बंदरापासून देरा किती लांब?" ती म्हणाली, "मम्मी, इट्स अ क्रूझ! जस्ट रिलॅक्स!" मग मी इनासला सांगितलं, मला तुझी खोली दाखव. तो म्हणाला, "पाच मिनिटं," आणि पेपर वाचत राहिला.

ही 'पाच मिनिटं' आमच्या घरात पंधरा वर्षं चालू आहेत. जेवायला हाक मारली की पाच मिनिटं. वाढलेलं कालवण निवून वरचं तेल गोठेपर्यंत साहेबांची पाच मिनिटं होत नाहीत.

बंदरावर

जहाजातून उतरल्या उतरल्या आमच्या छातीवर चौदा नंबरचा स्टिकर चिकटवला. चौदा नंबरची बस, चौदा नंबरची गाइड. गाइड सायली मूळची पुण्याची, दहा वर्षं दुबईत, बोलायला गोड. कार्यक्रम तिने बसमध्येच वाचून दाखवला: जुनी वस्ती चाळीस मिनिटं, मसाला बाजार अर्धा तास, मॉल अडीच तास, मग मनोरा.

"मॉल अडीच तास आणि जुनं शहर चाळीस मिनिटं?" मी विचारलं.

"आंटी, आपलं शेड्यूल टाइट आहे ना. आणि मॉलमध्ये सगळे एन्जॉय करतात."

बसमधल्या सगळ्यांनी मान डोलावली. त्यात माझा नवराही होता. मॉलचं नाव काढलं की घातलेल्या चपला काढून घरीच बसणाऱ्या माणसाने मान डोलावली, तेव्हाच मला संशय यायला हवा होता.

खाडीच्या अलीकडे

जुनी वस्ती मात्र सुंदर आहे, खोटं कशाला बोलू. वाळूच्या रंगाच्या भिंती, दोन माणसं जेमतेम जातील एवढ्या गल्ल्या, आणि घरांवर चौकोनी बुरूज. त्यांना ते वाऱ्याचे बुरूज म्हणतात. चारी बाजूंनी उघडे, वरून वारा पकडून खालच्या खोलीत सोडतात. मी एका बुरुजाच्या बरोबर खाली उभी राहिले तर डोक्यावर गार झुळूक पडली. विजेशिवाय! मला तिथून हलावंसं वाटेना. पण शेजारच्याच खोलीत एसी लावून कॉफी विकत होते, एक कप अठ्ठावीस दिरहम, म्हणजे साडेसहाशे रुपये. इनासने हिशेब मोठ्याने केला, आणि आम्ही दोघं पाणी प्यायलो.

आमचा वसईचा किल्ला आठवला. त्याच्या भिंतींत पिंपळ घुसलेत, कुणी नाव कोरतं, कुणी बाटल्या फोडतं. इथे एक ओरखडा नाही. हेवा वाटला. पण थोड्या वेळाने असंही वाटलं की इथे कुणी राहिल्याचीच खूण नाही.

सायली सांगत होती, आधी मोत्यांचे व्यापारी होते, मग तेल सापडलं, मग हे टॉवर उभे राहिले. इतक्या झटकन की जणू टॉवर आपोआप उगवले.

"आणि बांधायला, माल उतरवायला जी माणसं आली ती कुठे राहायची?" मी विचारलं. "ते घर कुठे बघायला मिळेल?"

ती गोंधळली. "आंटी, ते लेबर अकोमोडेशन हेरिटेजमध्ये येत नाही."

"तेवीस वर्षं राहिला माझा नवरा. हा काय, चौदा नंबर लावून उभा आहे."

सगळे इनासकडे पाहायला लागले. तो शरमून बुरुजाकडे बघत राहिला. मी सायलीच्या हातात दोन्ही स्टिकर दिले आणि सांगितलं, आमची वाट पाहू नकोस, आम्ही साडेचारला थेट जहाजावर पोचतो. तिने एका कागदावर सही घेतली. सही करताना राग होताच, पण मजाही येत होती.

देरा

खाडी ओलांडायला अब्रा नावाची लाकडी होडी आहे. मधल्या फळीवर पाठीला पाठ लावून बसायचं, भाडं एक दिरहम. होडी सुटली आणि इनासचा चेहराच बदलला. "अजून एकच दिरहम! बघ, हा धक्का बघ. इथे माल यायचा, इराणहून, आफ्रिकेहून." धक्क्याला लाकडी गलबतं लागली होती आणि त्यांवर फ्रिज, टायर, कांद्याची पोती चढवत होते. हे मला आवडलं. इथे घामाचा वास होता.

मसाला बाजारात एक चमत्कार घडला. एका दुकानापुढे काळ्या, सुपारीएवढ्या सुकलेल्या लिंबांचं पोतं होतं. इनासने चालता चालता एक उचललं, अंगठ्याने फोडलं, हुंगलं आणि दुकानदाराला म्हणाला, "ये तो पिछले साल का माल है. नया दिखाओ." दुकानदार मुकाट्याने आत गेला आणि दुसरी पिशवी घेऊन आला.

मी बघतच राहिले. हा तोच माणूस, ज्याला आमच्या फडताळातला जिऱ्याचा डबा कुठला आणि ओव्याचा कुठला हे कळत नाही. तीन वर्षांपूर्वी न्हाणीत घसरून माझं उजवं मनगट मोडलं, सहा आठवडे प्लास्टर होतं. शेजारची ल्युसी दोन वेळचा कालवण-भाताचा डबा आणायची, आणि हा दारात उभा राहून तिला म्हणायचा, "काय करणार, मला साधा चहासुद्धा येत नाही." चपात्यांचं पीठ नाइलाजाने मी डाव्या हाताने मळलं आहे. ल्युसी साक्षीला आहे.

"तुला काळ्या लिंबातलं काय कळतं?" मी विचारलं.

"स्टोअरमध्ये माल यायचा ना," तो म्हणाला आणि भराभरा पुढे चालायला लागला.

सोन्याचा बाजार झाला, भांड्यांचा झाला, अत्तराचाही झाला. मी प्रत्येक कोपऱ्यावर म्हणायची, खोली. तो म्हणायचा, ती इमारत पाडली असेल. मग म्हणाला, आठवत नाही. मग म्हणाला, ऊन वाढलंय. शेवटी एका बंद दुकानाच्या पायरीवर मी बसकण मारली.

"अगं, ऊठ! जहाज सुटेल."

"सुटू दे. तू मला पेटीला पत्रं लिहायला लावलीस. आता पेटीमागे काय होतं ते बघितल्याशिवाय मी उठत नाही."

येणारे जाणारे बघायला लागले. चाळीस वर्षांत मी रस्त्यात अशी बसले नव्हते. इनास दोन मिनिटं डोकं खाजवत उभा राहिला, मग म्हणाला, "चल. पण तिथे फार बोलू नकोस."

पाच गल्ल्या सोडून चार मजली इमारत होती. पाडलीबिडली काही नव्हती. खाली एक कॅफेटेरिया, म्हणजे आपल्याकडचं छोटं हॉटेल. आम्ही दारात पोचतो न पोचतो तोच गल्ल्यामागचा पांढऱ्या दाढीचा माणूस उभा राहिला.

"इनासभाई? या अल्ला! इनासभाई!" त्याने धावत येऊन इनासला मिठीच मारली. हा मोइदीन, केरळचा, अकरा वर्षं इनासच्या खोलीत होता, पुढे खालीच हॉटेल काढलं. मग त्याने माझ्याकडे पाहिलं. "ये भाभी? चिट्ठीवाली भाभी?"

इनास घाईने म्हणाला, "मोइदीन, टाइम नहीं है, जहाज..."

"खलास! आज तुम चुप बैठो. भाभी, बैठो बैठो. आपका मसाला बारा आदमी साल भर खाता था. मैं सोचता था, ये भाभी एक बार मिले तो सलाम करना है."

मला बरं वाटलं. म्हटलं, निदान मसाला पोचत होता. मी सहज विचारलं, "और रहमान? वो कहाँ है आजकल?"

"कौन रहमान?"

"आपका बावर्ची. मेसवाला."

मोइदीनने इनासकडे पाहिलं, इनासने टेबलाकडे. मोइदीन बिचारा भोळा, हसत सुटला. "बावर्ची? भाभी, बावर्ची तो ये था! पहले सब की बारी लगती थी. मैं चावल जलाता था, पंजाबी दाल जलाता था. फिर सबने बोला, इनासभाई, तुम पकाओ, तुम्हारा रूम का भाड़ा हम भरेगा. बीस साल पकाया! ड्यूटी से आता था, परदे के कपड़े का एप्रन पहनता था, और एक घंटे में बारा आदमी का खाना. चपाती ऐसी गोल! फ्रायडे को ऊपर का माला वाला भी थाली लेके आता था."

मला त्या क्षणी काय झालं ते नीट सांगता येणार नाही. आधी हसूच आलं. मग मनगट आठवलं.

मोइदीन आम्हाला वर घेऊन गेला. खोली आमच्या ओटीएवढी. दोन मजली लोखंडी खाटा, प्रत्येक खाटेला दोरीवर पडदा, त्यामागे एकेका माणसाचा संसार. रात्रपाळीचा एक जण झोपला होता, म्हणून आम्ही कुजबुजत बोललो. खिडकी होती, तिच्यातून समोरच्या इमारतीचा पाइप दिसत होता. तेवीस वर्षं मी या खिडकीतून खाडी पाहत होते, मनातल्या मनात. कोपऱ्यात स्वयंपाकाचा ओटा, दोन शेगड्या, त्यांच्यावर तेलाने काळवंडलेल्या फरशा. दाराच्या आतल्या बाजूला आताच्या माणसांच्या पाळ्यांचा कागद डकवला होता, कुणी कुठल्या वारी रांधायचं त्याचा. ओट्यापुढच्या लादीवर एक जागा झिजून खोलगट झाली होती. इनास नकळत बरोबर तिथेच जाऊन उभा राहिला.

खाली मोइदीनने जेवल्याशिवाय सोडलं नाही. सुरमईचं कालवण आणि भात. पहिला घास घेतला आणि मला कळलं की हे माझं कालवण आहे. आकडे घालून, रेघ मारून लिहिलेलं माझं कालवण. फक्त त्यात चिंचेबरोबर ते काळं लिंबू होतं, आणि सांगायला संताप येतो, पण त्यामुळे ते माझ्यापेक्षा चांगलं झालं होतं.

"नींबू इनासभाई का आइडिया," मोइदीन म्हणाला.

पुन्हा जहाजावर

साडेचारला दहा मिनिटं असताना आम्ही जहाजावर चढलो. चौदा नंबरची मंडळी मनोरा पाहून, पिशव्या भरून आली होती. सायलीने विचारलं, "आंटी, खोली मिळाली?" मी म्हटलं, "मिळाली. आणि तुझ्या हेरिटेजमध्ये घालण्यासारखी आहे."

जहाज सुटलं तेव्हा आम्ही डेकवर कठड्याशी उभे होतो. टॉवर उन्हात चमकत होते.

"'रहमान नाही, मीच विचारतोय' असं का नाही लिहिलंस?" मी म्हटलं.

"काय लिहू? ड्यूटीनंतर बारा जणांना रांधतो, म्हणून फुकट राहतो? तू सगळ्या आळीला सांगत होतीस, माझा नवरा एसी ऑफिसात बसतो."

हे खरं होतं. मी सांगत होते. त्याच वाचलेल्या भाड्याच्या पैशांतून लिंडाची फी जात होती आणि मी ऐटीत एसी ऑफिसच्या गोष्टी सांगत होते. याचं मला वाईट वाटलं, अजून वाटतं. पण म्हणून मी त्याला सोडणार नव्हते.

"ते तेव्हाचं झालं. घरी येऊन पंधरा वर्षं झाली. माझा हात प्लास्टरमध्ये होता, इनास. मी डाव्या हाताने पीठ मळत होते आणि तू बघत होतास. चपाती ऐसी गोल!"

त्याने दोन्ही हातांनी कठडा धरला. मग म्हणाला, "वीस वर्षं मी सगळ्यांना वाढून शेवटी जेवलो. उरलेलं, निवलेलं. सुट्टीवर आलो की तू गरम वाढायचीस. वाटायचं, यासाठीच आपण परत येतो. मग ते सुटेना. वाटलं, एकदा हातात झारा धरला की परत मीच बावर्ची. लाज वाटायची तुझ्या हाताकडे बघून. पण नाही सुटलं."

"आणि मी? मी कधी गरम जेवले? सगळ्यांना वाढून शेवटी मीही निवलेलंच खाल्लं. आई गेल्यापासून मला कुणी 'जेवायला ये' म्हटलेलं नाही. तुला निवलेल्या ताटाचं दुःख माहीत होतं आणि तरी तू बसून राहिलास. माहीत नसतं तर मी माफ केलं असतं."

तेवढ्यात बुफेची घंटा झाली आणि मी आयुष्यात पहिल्यांदा त्याच्यासाठी न थांबता, त्याचं ताट न भरता, एकटी जेवायला गेले.

घरी

तर मी हे पाहिलं. मनोरा पुढच्या खेपेला बघेन, तो कुठे पळून जात नाही.

परत आल्यापासून मी ओट्याजवळ फिरकलेले नाही. पहिले चार दिवस इनासने पाव आणि अंडी यांवर काढले, मला वाटतं मी विरघळेन अशी त्याला आशा होती. पाचव्या दिवशी सकाळी न सांगता बाजारात गेला. ल्युसी धावत सांगायला आली, "अगं, तुझा नवरा कोळणीशी सुरमईच्या कल्ल्यांवरून भांडतोय!" तिला खरी हकीकत मी सांगितली आहे, आणि तिच्या त्या सहा आठवड्यांच्या डब्यांची आठवण ती आता त्याला रस्त्यात थांबवून करून देते. मला त्यात पडायचं कारण नाही.

आज रविवार. चर्चमधल्या मिस्साहून आल्यापासून तो आत आहे. मसाल्याची बाटली कुठे आहे, असं त्याने एकदा विचारलं, मी उत्तर दिलं नाही, त्याने शोधली. काळ्या लिंबाचा वास इथे बाहेरच्या खोलीपर्यंत आला आहे. चपात्या झाल्या, कारण पोळपाट धुतल्याचा आवाज आला. ताटं मांडल्याचाही आला. राग गेला आहे का, असं कुणी विचारलं तर नाही गेला. पण भूक लागली आहे.

"जेवायला ये गं!" आतून इनासने हाक मारली. "गरम आहे, निवेल!"

"आले," मी म्हटलं. "पाच मिनिटं."